आफ्रिकेतलं जंगल निवडताना आधी कुंपण, पाणी आणि मालक विचारा

ताडोबा-पेंचला जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात जंगलाचं एक चित्र पक्कं बसलेलं असतं. जंगल सरकारी, गेट वनखात्याचं, सकाळ-दुपार दोन फेऱ्या, जिप्सी, सोबत गाईड आणि रस्ता सोडायचा नाही. हेच चित्र घेऊन दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना, नामिबियाची शोधाशोध सुरू केली की गोंधळ उडतो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानाच्या एकाच नावाखाली एकीकडे रात्रीला काही हजार रुपयांत खोली मिळते, तर दुसरीकडे माणशी लाखाच्या वर भाव सांगणारा लॉज असतो. सिंह दोन्हीकडे तेच, आणि कित्येकदा अक्षरशः तेच, कारण मधे कुंपणच नाही.

हे कोडं सोडवायला तीन प्रश्न पुरतात. जमीन कोणाची? कुंपण कुठे? आणि कोरड्या महिन्यांत पाणी कुठे उरतं? यांची उत्तरं मिळाली की भाव, नियम, महिना आणि गाडी या चारही गोष्टींचा हिशेब लागतो. 'बिग फाइव्ह दिसतात का?' हा प्रश्न मात्र फारसा कामाचा नाही. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप म्हैस ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जी पाच जनावरं अंगावर येण्याची भीती सर्वांत जास्त, ती ही पाच. आज ती प्रत्येक माहितीपत्रकावर छापलेली असते आणि त्यावरून काहीही कळत नाही.

जनावर कोणाचं?

आपल्याकडे उभं पीक लोळवणाऱ्या रानडुकराला हात लावायचा तरी शेतकऱ्याला परवानगीचे कागद लागतात. दक्षिण आफ्रिकेत मामला वेगळा आहे. तिथल्या १९९१ च्या 'गेम थेफ्ट ॲक्ट'नुसार जमिनीला पुरेसं कुंपण असल्याचा दाखला असेल, तर आतल्या वन्य जनावराची मालकी जमीनमालकाची. जनावर कुंपण तोडून पळालं तरी ती मालकी जात नाही. त्यामुळे तिथे रानम्हशी, काळवीटवर्गातली हरणं, गेंडेसुद्धा लिलावात विकले जातात. हजारो शेतकऱ्यांनी गुरं काढून वन्य प्राणी ठेवले ते याच हिशेबाने.

'गेम' म्हणजे शिकारीचं जनावर. दारावर 'गेम रिझर्व्ह' किंवा 'गेम फार्म' लिहिलेलं असलं, तरी आत पर्यटन चालतं, मांसासाठी पैदास होते, परवान्याने शिकार होते की हे तिन्ही चालतं, ते पाटीवरून कळत नाही. क्रूगरला लागून असलेल्या काही नामांकित खासगी रिझर्व्हमध्येही पर्यटनाच्या जोडीला परवान्याची शिकार चालते आणि तो पैसा संरक्षणावर खर्च होतो, असं त्यांचं म्हणणं असतं. हे पटतं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मात्र बुकिंगच्या आधी विचारावं. कोणी लपवत नाही, फक्त आपण होऊन सांगत नाही.

बाकी देशांत मालकीची गणितं निराळी. बोट्सवानात जमीन सरकारची किंवा जमातीची असते आणि तिचे मोठमोठे पट्टे कंपन्यांना भाड्याने दिले जातात. याला कन्सेशन म्हणतात. एका पट्ट्यात मोजकेच तंबू आणि त्यांचे भाव प्रचंड, कारण कमी पर्यटक आणि जास्त पैसा हे तिथलं सरकारी धोरणच आहे. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून गावांच्या सामूहिक जमिनीवरच्या वन्यजीवांचे हक्क गावकऱ्यांच्या संस्थेला दिले. ती कॉन्झर्व्हन्सी. आज अशा ऐंशीहून जास्त आहेत आणि देशाच्या सुमारे पाचव्या हिस्स्यावर पसरल्या आहेत. इथे वाळवंटातला हत्ती किंवा काळा गेंडा ज्या जमिनीवर दिसतो, तिथेच शेळ्या चरत असतात. लॉजच्या भाड्यातला वाटा गावाला जातो, म्हणून गेंडा टिकतो.

एकच क्रूगर, दोन सफारी

क्रूगरचं मूळ १८९८ च्या साबी राखीव क्षेत्रात आहे. १९२६ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढच्या वर्षी पहिल्या तीन मोटारी आत आल्या. क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटर. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफरसकट १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे क्रूगरमध्ये असे अकरा ताडोबा मावतात.

सगळ्यात मोठा फरक असा, की इथे आपली गाडी आपण चालवायची. गाईड सक्तीचा नाही. साधी भाड्याची हॅचबॅक चालते, कारण मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि खडीचे रस्तेही कोरड्या दिवसांत चांगले असतात. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. तिथल्या बहुतेक लहान भाड्याच्या गाड्या हातगिअरच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आगाऊ सांगावं लागतं. शक्यतो थोडी उंच गाडी घ्यावी. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, वाढलेल्या उंच गवतापलीकडे पाहायला जमिनीपासूनचे जादा पंधरा सेंटिमीटरही कामी येतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांची चूक ठरलेली असते. ते नकाशावर अंतर मोजतात आणि हायवेचा वेग धरतात. मर्यादा डांबरीवर ताशी ५० आणि खडीवर ४० किलोमीटर आहे, आणि रडार घेऊन बसलेले लोकही आहेत. थांबत-पाहत जाताना खरा वेग ताशी २५ च्या आसपास पडतो. स्कुकुझा ते सतारा या उद्यानातल्या दोन मुक्कामी कॅम्पमधलं अंतर ९३ किलोमीटर, म्हणजे पावणेचार तास. हत्तींच्या कळपाने वाट अडवली तर आणखी एक. सूर्यास्ताला कॅम्पचं फाटक बंद होतं आणि उशिरा येणाऱ्याला दंड होतो. तिथल्या हिवाळ्यात फाटक साडेपाचला बंद, नोव्हेंबर ते जानेवारी साडेसहाला. सकाळची गोष्ट याहून महत्त्वाची. भर उन्हाळ्यात उद्यानाचं बाहेरचं गेट साडेपाचला उघडतं, पण आतल्या कॅम्पचं फाटक साडेचारलाच. हा एक तास फार मोलाचा. रात्रभर डांबरावर ऊब घेत पडलेले सिंह, घरी परतणारी तरसं, कधी रस्ताभर पसरलेले आफ्रिकन रानकुत्रे याच वेळात भेटतात. पैसे वाचवायला गेटबाहेर राहणाऱ्यांचा नेमका हाच तास हुकतो.

कॅम्पमधली राहण्याची जागा अकरा महिने आधी खुली होते. दक्षिण आफ्रिकेच्या शाळांच्या सुट्ट्यांत स्कुकुझा, लोअर साबी आणि सतारा लगेच भरतात. दक्षिणेकडे नद्या बारमाही आणि जनावरांची दाटी जास्त. उत्तरेला मोपाने झाडांचा एकसुरी पट्टा लागतो. तिथे हत्ती आणि पक्षी भरपूर, मांजरवर्ग विरळ. पहिल्या फेरीला चार रात्री असतील तर ओलिफंट्स नदीच्या उत्तरेला जाऊ नये. स्कुकुझा ते लोअर साबी हा ४६ किलोमीटरचा नदीकाठचा रस्ता आणि सताराभोवतीची गवताळ मैदानं एवढ्यात चार दिवस कसे जातात कळत नाही.

खोलीबाहेरच्या ओट्यावर चूल, भांडी आणि फ्रिज असतो. फ्रिजला कडीचा पिंजरा का, हे पहिल्याच दुपारी समजतं. माकडं आणि बबून फ्रिज उघडायला शिकलेले आहेत. पाव, केळी, अंडी यांची चोरी मिनिटभरात होते. शाकाहारी माणसासाठी स्वतः रांधण्याची ही सोय मोठी आहे. कॅम्पच्या दुकानात तांदूळ, कांदे-बटाटे, अंडी, दूध मिळतं, पण ताज्या भाज्या गेटबाहेरच्या गावात भरून घ्याव्यात.

आता दुसरी सफारी. क्रूगरच्या पश्चिमेला साबी सँड, टिंबावाती, क्लासेरी अशी खासगी रिझर्व्ह आहेत. १९६१ मध्ये क्रूगरच्या पश्चिम सीमेवर कुंपण उभं राहिलं होतं. खासगी रिझर्व्हशी लागलेलं ते कुंपण १९९३ च्या सुमारास काढलं. तेव्हापासून जनावरं मुक्त फिरतात, फक्त माणसांचे नियम बदलतात. साबी सँड सुमारे ६५,००० हेक्टर, आणि आत फक्त लॉजचे पाहुणे. उघडी लँड क्रूझर, स्टिअरिंगवर गाईड-चालक, पुढे बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावरच्या खुर्चीत ट्रॅकर. तो वाळूवरचा ठसा पाहतो, बोटाने दिशा दाखवतो आणि गाडी रस्ता सोडून झुडपांत शिरते. सरकारी उद्यानात याला बंदी आहे. एका जनावराभोवती दोन किंवा तीनच गाड्या, बाकीच्या वायरलेसवर आपला नंबर लावून थांबतात. अंधार पडल्यावर दिवा लावून फिरता येतं. बिबट्या पाहायला लोक साबी सँडलाच का जातात, त्याचं उत्तर यातच आहे. नदीकाठची दाट झाडी त्याला मानवते, आणि कित्येक पिढ्या गाड्यांना पाहत वाढल्यामुळे तिथले बिबटे दहा मीटरवरही ढुंकून पाहत नाहीत.

खिशाला परवडत असेल तर चार रात्री क्रूगर आणि शेवटी दोन रात्री खासगी रिझर्व्ह, हा मेळ उत्तम. क्रम उलटा करू नये. गाईडने तीन तासांत सात जनावरं दाखवल्यानंतर स्वतः गाडी चालवत झुडपं न्याहाळणं अळणी वाटतं. लॉजचा भाव दोघांत एक खोली धरून माणशी सांगतात. एकट्याला जादा पडतात, आणि संवर्धन शुल्क बहुधा वेगळं. सहा वर्षांखालच्या मुलांना बरेच लॉज फेरीवर घेत नाहीत. क्रूगरच्या सरकारी फेऱ्यांनाही तीच अट आहे, आणि पायी सफारीला किमान बारा वर्षं.

कुंपणाची गोष्ट

कुंपण म्हटलं की आपल्याला प्राणिसंग्रहालय आठवतं. दक्षिण आफ्रिकेत कुंपणाशिवाय कित्येक जनावरं आज उरलीच नसती. ॲडो हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण. पोर्ट एलिझाबेथजवळच्या (आजचं गबेहा) या भागात संत्र्या-लिंबांच्या बागा, आणि हत्तींनी त्यांची नासाडी चालवलेली. १९१९-२० मध्ये सरकारने शिकारी नेमून शंभराहून जास्त हत्ती मारले. १९३१ मध्ये उद्यान झालं तेव्हा अकराच उरले होते. हत्तीला अडवणारं कुंपण तोवर कोणाला जमलं नव्हतं. ते १९५४ मध्ये जमलं, जुन्या ट्रामचे रूळ खांब म्हणून पुरून आणि लिफ्टचे पोलादी दोर आडवे ताणून. त्याआधी आणि नंतरही हत्तींना आत ठेवायला संत्री खाऊ घालत. परिणाम असा, की संत्र्याच्या वासावर हत्ती गाड्यांवर धावून जाऊ लागले. खाऊ घालणं १९७० च्या दशकाअखेर थांबलं, पण ॲडोत संत्रं-मोसंबं घेऊन जायला आजही मनाई आहे. डब्यातलं लिंबूही गेटवर काढून ठेवावं लागतं. हत्ती आता सहाशेच्या पुढे आहेत.

कुंपणाचं दुसरं कारण रोगाचं. आफ्रिकन रानम्हैस लाळ्या-खुरकूतचा विषाणू बाळगते आणि स्वतः आजारी पडत नाही. तो गुरांत गेला की मांसाची निर्यात बंद. म्हणून बोट्सवाना आणि नामिबियात शेकडो किलोमीटरची पशुवैद्यकीय कुंपणं आहेत. बोट्सवानातलं कुके कुंपण १९५८ चं. १९८० च्या दशकातल्या दुष्काळात पाण्याच्या वाटा अशा कुंपणांनी तोडल्या आणि कलाहारीतले विल्डबीस्ट हजारोंनी मेले. प्रवाशाला याची झळ किरकोळ बसते. नाक्यावर गाडी थांबवून कच्चं मांस काढून घेतात, बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात.

कुंपण लहान असेल तर मात्र व्यवस्थापन माणसाच्या हातात जातं. पाच-दहा हजार हेक्टरच्या रिझर्व्हमध्ये सिंहांचा एक कळप राहतो. पोरं मोठी झाली की जायला जागा नाही, म्हणून नर दुसऱ्या रिझर्व्हला पाठवायचे, माद्यांना गर्भनिरोधक द्यायचं. चित्त्यांचंही तसंच. दक्षिण आफ्रिकेत कुंपणातल्या रिझर्व्हांचं जाळं करून चित्ते एकीकडून दुसरीकडे हलवले जातात, म्हणजे रक्त ताजं राहतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कुनोला आलेले बारा चित्ते दक्षिण आफ्रिकेतले होते. त्याआधी सप्टेंबर २०२२ चे आठ नामिबियातले.

लहान म्हणजे वाईट असं नाही. जोहान्सबर्गपासून अडीच तासांवरचं पिलान्सबर्ग साडेपाचशे चौरस किलोमीटरचं, विझलेल्या ज्वालामुखीच्या कड्यांत वसलेलं. १९७९ मध्ये जनावरं बाहेरून आणून ते पुन्हा वसवलं. बोट्सवानाच्या सीमेवरचं मदिक्वे त्याहून मोठं, ७५,००० हेक्टर. तिथे खंगलेली कुरणं होती आणि १९९० च्या दशकात आठ हजारांवर जनावरं आणून सोडली. दोन्हीकडे मलेरिया नाही. लहान मुलं किंवा गरोदर बाई सोबत असेल तर क्रूगरचा हट्ट सोडून इथेच जावं. पिलान्सबर्गला आपली गाडी चालते, मदिक्वेत फक्त लॉजची.

जपायचं ते केपटाऊनहून 'दिवसभरात बिग फाइव्ह' विकणाऱ्या काही जागांना. विचारायचे प्रश्न तीन. एकूण हेक्टर किती? सिंह आणि हरणं एकाच आवारात आहेत की सिंहांचं आवार वेगळं? आणि बछड्यांना हात लावू देता का? शेवटच्याचं उत्तर 'हो' आलं तर फोन ठेवावा. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात पैदास केलेले सिंह आठ हजारांच्या घरात आहेत. मांडीवर फोटोसाठी बसवलेला बछडा मोठा झाला की जंगलात सोडता येत नाही. त्याची पुढची वाट बहुधा कुंपणातल्या शिकारीकडे किंवा हाडांच्या व्यापाराकडे जाते.

पाण्याचं कॅलेंडर

तिथला पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे आपला हिवाळा तो त्यांचा पावसाळा, आणि आपला पावसाळा तो त्यांचा कोरडा, थंड मोसम. पावसात प्रत्येक खळग्यात पाणी साचतं, गवत कमरेएवढं वाढतं आणि जनावरं पांगतात. जूनपासून खळगे आटतात, पानं गळतात, उरलेल्या पाण्याकडे सगळे येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात दर्शन सर्वांत सोपं आणि ऊन सर्वांत कठीण.

आपल्या सुट्ट्यांशी ताळा असा: मे महिना फार चांगला. पाऊस संपलेला, गर्दी कमी, सकाळ थंड. गवत मात्र अजून थोडं उंच. दिवाळीची सुट्टी म्हणजे कोरड्या मोसमाचा शेवट. पाणवठ्यांवर झुंबड असते, पण झांबेझी आणि लुआंग्वाच्या खोऱ्यांत पारा चाळिशीला टेकतो. नाताळात क्रूगर हिरवंगार. इम्पालांची पाडसं नुकतीच जन्मलेली, पक्षी विणीच्या रंगात, फोटोंना उजेड सुरेख. सिंह मात्र गवतात दडलेला. पक्षी पाहणाऱ्याने नाताळातच जावं.

या सगळ्या हिशेबाला एक अपवाद आहे आणि तिथेच सर्वाधिक लोक चुकतात. ओकावांगोमध्ये पूर कोरड्या मोसमात येतो. पाऊस पडतो अंगोलाच्या पठारावर, जानेवारी-फेब्रुवारीत. ते पाणी बोट्सवानात उतरतं आणि समुद्राकडे न जाता वाळवंटात पंख्यासारखं पसरतं. उतार इतका कमी, की अडीचशे किलोमीटरमध्ये जेमतेम साठ मीटर, म्हणजे किलोमीटरला वीतभर. त्यात वाटेतलं पपायरस आणि वेत पाणी अडवतात. म्हणून पुराचा माथा माऊन गावापर्यंत पोचायला जून-जुलै उजाडतो. तोवर भोवतीचं सगळं वाळलेलं असतं, आणि हत्ती-म्हशी या पाण्याकडे निघतात. या पाण्यातलं बहुतेक सगळं पुढे हवेत उडून जातं किंवा वाळूत मुरतं. त्रिभुज प्रदेशातल्या पुष्कळ बेटांचा जन्म वाळवीच्या वारुळातून झालेला आहे. वारूळ पाण्याबाहेर राहतं, त्यावर झाड रुजतं, भोवती माती साचते. पाणघोडे रोजच्या वाटेने जाऊन-येऊन गवतातून कालवे मोकळे ठेवतात, आणि त्याच कालव्यांतून मोकोरो नावाची उथळ डोंगी पुढे सरकते.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की कॅम्पचं नाव पाहून बुकिंग करू नये. आपण जाणार त्या महिन्यात तिथे जीप फिरते की होडी, हे लेखी विचारावं. जुलैत काही कॅम्पभोवती पाणीच पाणी, जीपला रस्ता नाही. नोव्हेंबरात त्याच कॅम्पला मोकोरो मागितली तर खाली चिखल. सिंह-रानकुत्रे हवे असतील तर ख्वाई किंवा मोरेमीचा कोरडा भाग, पाण्याचा अनुभव हवा असेल तर आतला. मोरेमी १९६३ मध्ये तिथल्या बाटवाना लोकांनी स्वतःहून राखीव केलं. आधी शिकारीने रान रिकामं होत चाललेलं त्यांनी पाहिलं होतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. चोबे नदीवर कासानेहून दुपारची होडी घ्यावी. ऑगस्ट ते ऑक्टोबर हत्तींचे कळप सोंड वर करून पोहत सेडुडू बेटावर जातात. हे बेट कोणाचं यावर नामिबिया आणि बोट्सवाना हेगच्या न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये ते बोट्सवानाला मिळालं. हत्तींनी चरायचं थांबवलं नाही. झिंबाब्वेच्या ह्वांगेमध्ये बारमाही नदी जवळपास नाहीच. १९३० च्या दशकात पहिल्या वॉर्डनने विंधनविहिरी खोदायला सुरुवात केली आणि आज तिथले हजारो हत्ती पंपांच्या पाण्यावर जगतात, आधी डिझेलच्या, आता बऱ्याच ठिकाणी सौर. पंप बंद पडला की पाणवठा मेला. कुठले पंप चालू आहेत हे गाईडला विचारणं तिथे हवामान विचारण्याइतकं स्वाभाविक आहे.

झांबियाच्या साऊथ लुआंग्वात पायी सफारी रुजली, १९५० च्या दशकात नॉर्मन कार यांच्यामुळे. तिथली जमीन विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला लगेच ओळखू येईल: काळी कापसाची माती. पावसात चिकटा आणि उन्हात भेगा, त्यात हत्तीच्या पायाचे खड्डे दगडासारखे वाळलेले. म्हणून आतले कॅम्प मे-जूनमध्ये गवत-बांबूने उभारतात आणि पाऊस आला की मोडून ठेवतात.

नामिबियाचं एटोशा स्वतः गाडी चालवणाऱ्यांचं आवडतं. इथे जनावराच्या मागे धावायचं नाही, पाणवठ्यावर इंजिन बंद करून बसायचं. ४,८०० चौरस किलोमीटरचं पांढरं खारट मैदान, आणि त्याच्या दक्षिण काठाने झऱ्यांची ओळ. ओकाउक्वेयो कॅम्पच्या दगडी भिंतीआत बाक आहेत, पुढे पाणवठा, वर पिवळसर दिवे. रात्री नऊ-दहानंतर काळा गेंडा येतो. आधी कानांची सावली हलते, मग पाण्यात दुसरा गेंडा उलटा दिसतो. झेब्रे पाणी सोडून मागे सरतात. जॅकेट, थर्मासमधला चहा आणि गप्प बसायची तयारी एवढंच लागतं. झोपायला गेलेल्यांना सकाळी शेजारी काय सांगतात ते ऐकावं लागतं.

काय बिघडतं आणि का

नामिबियात अपघात जनावरांमुळे होतात त्याहून खडीच्या रस्त्यांमुळे जास्त. रस्ता सरळ, रुंद, रिकामा. ताशी शंभरने जाताना मागचं चाक घसरतं, माणूस घाबरून स्टिअरिंग उलट फिरवतो आणि गाडी कोलांटी खाते. भाड्याच्या करारात बहुधा खडीवर ८० ची मर्यादा असते आणि गाडीतलं यंत्र वेग नोंदवतं. ती ओलांडली की विमा बाद. टायरची हवा गाडीवाल्याला विचारून कमी करावी. खोल वाळूत दीड बारच्या आसपास उतरवतात, डांबर लागल्यावर पुन्हा भरतात. हवेचा पंप गाडीत आहे का हे ताब्यात घेतानाच पाहावं. आपला परवाना इंग्रजीत असला तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. गाडी सीमेपलीकडे न्यायची असेल तर भाड्याच्या कंपनीचं वेगळं पत्र लागतं, आणि नसेल तर नाक्यावरून परत.

हत्तीचं. कान पसरणं, मान झटकणं, सोंड हवेत, हे बहुधा इशारे. थांबून हळूहळू मागे जायचं, भोंगा वाजवायचा नाही. माय आणि पिल्लू यांच्यामध्ये गाडी घालायची नाही. माजावर आलेला नर ओळखायची खूण आपल्या भाषेत आधीपासून आहे: कानशिलातून मद पाझरतो, गाल ओले दिसतात, मागच्या पायांवरून सतत मूत्र गळतं. असा समोरून रस्त्याने येत असेल तर इशाऱ्याची वाट पाहू नये, गाडी मागे घेत राहावी. तो रस्ता सोडत नाही, आपण सोडायचा. मागे चार गाड्या दाटून उभ्या असतील तर अडकतो, म्हणून हत्तीपुढे कधीही मागची वाट मोकळी ठेवूनच थांबावं.

बोट्सवाना आणि झांबियातल्या कॅम्पना बारा आसनी सेस्ना नेतात. सामान विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात कोंबायचं, म्हणून चाकांची कडक बॅग चालत नाही. मऊ बॅग, साधारण २५ × ३० × ६२ सेंटिमीटर, आणि कॅमेऱ्यासकट १५ ते २० किलो. मुंबईहून निघालेली ट्रॉली बॅग माऊनच्या विमानतळावर ठेवून जावं लागलेले पर्यटक रोज दिसतात. कपडे मातकट रंगाचे तीन जोड पुरतात, कॅम्पवर धुऊन मिळतात. मे ते ऑगस्ट पहाटेच्या उघड्या गाडीत पारा पाचच्या आसपास, त्यात वारा. लोकरी टोपी आणि हातमोजे 'आफ्रिकेत कशाला' म्हणून घरी ठेवणारा पहिल्या फेरीला गाडीतल्या घोंगडीखालून बाहेर पडत नाही.

व्हिसा प्रत्येक देशाचा वेगळा. जोहान्सबर्गला उतरून बोट्सवानात जाऊन पुन्हा जोहान्सबर्गहून परतायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेचा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागू शकतो. व्हिक्टोरिया फॉल्सहून चोबेची एक दिवसाची फेरी हीसुद्धा एका देशातून बाहेर आणि पुन्हा आत अशीच असते. मुंबईहून बरीच स्वस्त तिकिटं आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतात, आणि हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे थांबा बारा तासांहून लांब असेल, किंवा विमानतळाबाहेर पाऊल टाकलं, तर दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते. परतताना आपल्याकडचे आरोग्य अधिकारीही मागू शकतात, आणि ते याबाबत कडक असतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, त्याआधी दाखला ग्राह्य नसतो.

क्रूगर, ओकावांगो, चोबे, लुआंग्वा हे सगळे मलेरियाचे भाग, पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत सर्वांत जास्त. गोळ्या डॉक्टरच ठरवतील. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस, डॉक्सीसायक्लिन असेल तर परतल्यावर चार आठवडे. डॉक्सीसायक्लिनने ऊन लवकर भाजतं. घरी आलं की गोळ्या बंद, ही सर्वांत मोठी चूक. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपॅरम जातीचा, झपाट्याने बिघडणारा. परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात 'आफ्रिकेत जाऊन आलोय' हे सांगावं, म्हणजे डेंगी की फ्लू यात दिवस जाणार नाहीत. रक्ताची तपासणी त्याच दिवशी करावी. ती निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून घ्यावी.